साबणात राणी, पोपटी, संत्रा: भडक दिसेल आणि भडकच राहील असा रंग कोणता घ्यावा?

राणीरंग | ३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, धंतोलीत राहते. दोन वर्षांपासून घरी साबण करते, थंड पद्धतीनं, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र घोटून. आतापर्यंत मुलतानी माती, हळद, कोळसा असे शांत रंग केले. या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून साबणाच्या छोट्या वड्या लुटायच्या आहेत, ४० ग्रॅमच्या १२० वड्या. संक्रांतीला आपण काळं नेसतो, त्या काळ्या साड्यांसमोर ताटातले रंग उठून दिसावेत अशी फार इच्छा आहे. राणी, पोपटी आणि आपल्या संत्र्याचा केशरी. मुलं ज्याला रेडियम कलर म्हणतात, तसा.

इतवारीतल्या एका दुकानातून चार पुड्या आणल्या. पाकिटात अप्रतिम दिसत होत्या. साबणात काय झालं ते सांगते. राणी घोळात टाकल्यावर पाच मिनिटांत जांभळट झाला आणि दुसऱ्या दिवशी चिकूच्या सालीसारखा. निळा रात्रीत मातकट. जांभळा करडा. पोपटी तेवढा टिकला, पण त्याचा फेस हिरवा येतो आणि पांढऱ्या टॉवेलला लागतो. दुकानदारानं 'कॉस्मेटिकच आहे' असं सांगितलं होतं, पाकिटावर मात्र रंगाच्या नावापलीकडे काही नाही.

साबण सहा आठवडे वाळायला हवा, म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत ओतायचा आहे. कोणत्या जातीचा रंग घ्यावा, कुणी नीट समजावून सांगेल का?

अमरावतीची सून | ३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

ताई, मी तयार बेस वितळवून साबण करते, त्यात निऑन रंग छान उठतात. बेसमध्ये सोडा उरलेला नसतो, म्हणून रंग बदलत नाहीत. पण दोन रंगांचे थर दिले की आठ-दहा दिवसांत एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो, रेष पुसट होते. आणि पावसाळ्यात त्या वड्यांना घाम येतो. जानेवारीत तो प्रश्न नाही.

गोधडी | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

राणीरंग, तुमच्या चारही पुड्यांचं काय झालं असेल ते ओळखीचं आहे, मी यातून गेले आहे.

हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे आपण लहानपणापासून बघतो. पिवळा लाल होतो, कारण चुना अल्कली आहे. कॉस्टिक सोडा चुन्यापेक्षा कितीतरी जहाल. ताज्या घोळात पडणाऱ्या प्रत्येक रंगाची तशीच परीक्षा होते. कुंकवाच्या बाबतीत तो बदल आपल्याला हवा असतो, साबणात नको असतो.

साबणाच्या रंगांत मायका नावाची पूड असते, म्हणजे अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर चढवलेला रंग. अभ्रक बिचारं कशालाच दाद देत नाही, प्रश्न वर काय चढवलंय त्याचा असतो. आयर्न ऑक्साइड किंवा टिटॅनियम असेल तर ढिम्म हलत नाही. कार्माइन असेल, म्हणजे कोचिनील किड्यापासूनचा लाल, तर थंड पद्धतीत त्याचा भरवसा धरू नका. तुमचा राणी तोच असावा असं मला वाटतं. निळ्यात फेरिक फेरोसायनाइड असेल तर सोडा त्याला फोडतो आणि मागे लोखंडाचा तपकिरी गाळ राहतो, म्हणून मातकट. जांभळ्यात मँगनीज व्हायोलेट असेल तर तेही अल्कलीत टिकत नाही.

म्हणून पाकिटाच्या पुढच्या बाजूचं नाव वाचायचंच नाही. मागचा सीआय क्रमांक वाचायचा, म्हणजे कलर इंडेक्स या यादीतला त्या रंगाचा क्रमांक. ७५४७० कार्माइन, ७७५१० तो निळा, ७७७४२ मँगनीज व्हायोलेट. थंड पद्धतीच्या साबणात हे तीन नकोत. ७७००७ अल्ट्रामरीन, ७७४९१ लाल आणि ७७४९२ पिवळा आयर्न ऑक्साइड, ७७२८८ हिरवा क्रोमियम ऑक्साइड, हे खुशाल घ्या. क्रमांकच नसेल तर ती पुडी दुकानातच ठेवून यायची.

टोळंबी | ४ नोव्हेंबर, दुपारी १:०५

राणीताई, एवढे पुडे कायले आणता? आपल्या इकडे होळीच्या टायमाले रानात पळस पेटल्यावानी फुलते. आमची आजी फुलं उकळून त्यात चुना टाकत होती, असा केशरी रंग येत होता का पाहातच राहावं. माह्या माहेरी गडचिरोलीकडे मोहाच्या बियांचं, आम्ही टोळीचं म्हणतो ते तेल निघते, त्याचाबी साबण होते.

गोधडी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

टोळंबीताई, पळसाचा रंग मला जीव की प्राण आहे. मी दोन होळ्यांना तो साबणात घालून पाहिला. पहिल्या दिवशी खरंच सुंदर केशरी. खिडकीतल्या उजेडात महिना काढल्यावर गव्हाळ. मोहाचं तेल पिवळसर असतं, त्यानं फेस मऊ येतो, पण भडक रंगाच्या साबणात ते घालू नये. पिवळ्या साबणात निळा टाकला की हिरवट होतो आणि गुलाबी विटकरीकडे झुकतो.

हे राणीरंग यांनाही लागू आहे. तुमची तेलं कोणती? राइस ब्रान जास्त असेल तर कमी करून रिफाइंड नारळ आणि पाम वाढवा, एरंडेल थोडं. आधी बिनरंगाची वडी पांढरी यायला हवी, मग पुढचं.

वनस्पतींपैकी केशरी हवा असेल तर शेंद्रीच्या बिया तेलात भिजवून पाहा. पळसापेक्षा जास्त दिवस टिकतो.

रंगमिस्त्री | ४ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मी हिंगणा एमआयडीसीत प्लास्टिकला रंग देण्याच्या कामात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. साबण मी करत नाही, सौ. करतात. पण 'रेडियम कलर' हा शब्द वाचला आणि लिहावंसं वाटलं, कारण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात.

आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायच्या आणि टिनोपालही द्यायच्या. दोन्हींनी कपडा उजळ दिसायचा, पण रीत निराळी. नीळ म्हणजे साधा रंग. जुनी नीळपूड अल्ट्रामरीनच असायची. ती पिवळटपणा गिळून टाकते, बस. टिनोपाल मात्र डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश घेतं आणि निळसर उजेड म्हणून परत देतं. म्हणून टिनोपालचा शर्ट उन्हात नुसत्या पांढऱ्याहून पांढरा भासतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात.

निऑन पूड टिनोपालच्या घराण्यातली आहे. पडलेल्या प्रकाशातला आपल्या रंगाचा भाग ती परत पाठवतेच, शिवाय अतिनील आणि निळ्या प्रकाशाचंही आपल्या रंगात रूपांतर करते. त्यामुळे ती पेटल्यासारखी दिसते. आयर्न ऑक्साइड कितीही घाला, तो परिणाम येणार नाही.

आता ती पूड बनते कशी ते बघा, तुमच्या हिरव्या टॉवेलचं उत्तर तिथंच आहे. प्रतिदीप्त डाय, म्हणजे विरघळणारा रंग, एका रेझिनमध्ये विरघळवतात, रेझिन घट्ट झालं की दळून काही मायक्रॉनची पूड करतात. म्हणजे रंग प्लास्टिकच्या बारीक कणांत कोंडलेला असतो. रेझिन चांगलं असेल तर डाय आत राहतो. हलकं असेल तर सोडा, तेल, गरम पाणी यांनी तो बाहेर झिरपतो. ओल्या टिपकागदावर चिमूटभर पूड ठेवा आणि तासाभरानं पाहा. भोवती रंगाचं वलय उमटलं तर त्यात मोकळा डाय आहे. ती घेऊ नये.

आणखी एक. जुन्या पद्धतीच्या निऑनचं रेझिन मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइडचं असतं. आता फॉर्मल्डिहाइडविरहित प्रकार मिळतात. प्लास्टिक, शाई आणि रांगोळीसाठी येणारा माल स्वस्त असतो आणि सुट्या पिशवीत भरला की तो आणि अंगाला चालणारा माल अगदी सारखे दिसतात. मी तो आयुष्यभर हाताळला आहे, डोळ्यांनी फरक मलाही कळत नाही. म्हणून कागद मागा. विश्लेषणाचा दाखला मिळत नसेल तर अंगाला लावायच्या वस्तूत ती पूड जाऊ नये, असं मी कळकळीनं सांगतो.

सीताबर्डी | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

काका, मस्त समजावलंत! मग अंधारात चमकणारा साबण करता येईल का? मुलांच्या खोलीत छताला चांदण्या चिकटवतात, तसा.

रंगमिस्त्री | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

त्या चांदण्या वेगळ्या. निऑन फक्त प्रकाश पडलेला असतानाच उजळतो, दिवा मालवला की संपलं. चांदण्या उजेड साठवतात आणि सावकाश सोडतात. हल्लीच्या चांगल्या मालात स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट असतं, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम अगदी थोडं. पाणी लागलं की ते हळूहळू विघटित होतं आणि चमक जाते, कण वरून मुलामा दिलेले असतील तरच टिकतं. साबणात पाणीही आहे आणि सोडाही. शिवाय रोज अंगाला घासायच्या वस्तूत ते घालावं, असं मला वाटत नाही.

राणीरंग | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:००

काका, टिपकागदाचा प्रयोग लगेच केला. पोपटीभोवती हिरवं वलय आलं, बोटभर रुंद. राणीभोवतीही गुलाबी. म्हणजे राणी कार्माइन नव्हताच का?

गोधडी | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

नसावा मग. कार्माइनचा माझा अंदाज चुकला. पाण्यात असा सुटतोय म्हणजे डायच असणार.

रंगमिस्त्री | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

निऑन गुलाबीत बहुतेक वेळा रोडामाइन कुळातला डाय असतो. तामिळनाडूनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बुढ्ढी के बाल विकायला बंदी घातली, ती रोडामाइन-बी सापडल्यामुळे. युरोपात सौंदर्यप्रसाधनांतही तो चालत नाही. तुमच्या पुडीत नेमका तोच आहे असं मी प्रयोगशाळेशिवाय म्हणणार नाही. पण कागद नसलेला, पाण्यात सुटणारा गुलाबी रंग मी माझ्या नातवंडांच्या अंगाला लावू देणार नाही.

गुलाबीसाठी थायोइंडिगो जातीचा रंग शोधा, सीआय ७३३६०. तो पाण्यात विरघळत नाही आणि सोड्याला टिकतो. प्रतिदीप्त नाही, पण पांढऱ्या साबणात चांगला चढतो. हिरव्यासाठी थॅलोसायनिन, सीआय ७४२६०. हा एवढा जोरकस असतो की चिमटीचीही चिमटी पुरते. त्यात थोडा पिवळा मिसळला की पोपटी.

नियमावली | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

वाण म्हणून वाटायचे आहेत तोवर ठीक. विकायचे असतील तर आधीच सांगून ठेवते. १९८२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. विक्रीसाठी बनवायचा तर सौंदर्यप्रसाधन नियम २०२० खाली परवाना लागतो, तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. घरचा साबण म्हणून सूट मिळत नाही. रंग भारतीय मानक आयएस ४७०७ च्या पहिल्या भागातल्या यादीतलेच हवेत. सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनांच्या, रंगांमध्ये शिसं २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) वर नको, आर्सेनिक २ च्या वर नको. रंगमिस्त्री काकांनी दिलेले क्रमांकही त्या यादीत पडताळून मगच वापरा.

राणीरंग | ५ नोव्हेंबर, रात्री ९:००

शेजारच्या सोसायटीतल्या एका काकूंनी साठ वड्या पैसे देऊन मागितल्या होत्या. त्यांना आजच नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या हळदीकुंकवाला माझ्याकडून पाच वड्या भेट देईन.

दाखल्यासह रंग मागवते. टिटॅनियम डायऑक्साइड घालावा का? सगळे म्हणतात, त्यानं रंग उठतात.

अमरावतीची सून | ५ नोव्हेंबर, रात्री ९:२५

मी घालते. त्याशिवाय बेस पारदर्शक राहतो आणि रंग पोकळ दिसतो.

रंगमिस्त्री | ५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सूनबाई, पारदर्शक बेसमध्ये थोडा लागतो, मान्य. पण टिटॅनियम अतिनील प्रकाश स्वतःच गिळतो, झिंक ऑक्साइडही तसाच. निऑनचं अन्नच त्यानं पळवलं तर निऑन काय उजळणार? शिवाय कोणत्याही गडद रंगात पांढरा घातला की तो पेस्टल होतो. राणीचा बेबी पिंक व्हायला अर्धा चमचा पुरतो.

बाथरूममध्ये एलईडी दिवा असेल तर तेही ध्यानात ठेवा. त्या दिव्यात अतिनील जवळजवळ नसतंच. अंगणात पेटलेला निऑन तिथं निम्मा मंद वाटेल.

गोधडी | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:००

आता जेलबद्दल लिहिते, कारण नोव्हेंबरात नागपुरात बरेच जण इथंच फसतात.

ओतल्यावर साबण आतून तापतो आणि काही काळ व्हॅसलिनसारखा पारदर्शक होतो, ती जेल अवस्था. जेल झालेल्या साबणात रंग खोल आणि रसरशीत दिसतात, न झालेल्यात दुधाळ. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे असतो, नळाचं पाणीच कोमट येतं. तेव्हा न मागता जेल होतो, उलट साबण मधोमध फुगून तडकतो आणि साचा फ्रीजमध्ये ठेवावा लागतो. आता रात्री गार आहेत. लांब साच्यात मधला भाग तापतो आणि कडा थंड राहतात. कापल्यावर प्रत्येक वडीत मधोमध गडद वर्तुळ दिसतं. भडक रंगात ते फार खुपतं. आणि ४० ग्रॅमच्या सुट्या साच्यांत तर उष्णता धरूनच राहत नाही, जेल होतच नाही.

म्हणून वाणाच्या वड्या सुट्या साच्यांत ओतू नका. लांब साच्यात ओता, झाकण लावा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि वरून गोधडी. चोवीस तास उघडून बघायचं नाही. मी हे टोपणनाव उगाच घेतलेलं नाही.

सुगंधही तपासून घ्या. ज्यात व्हॅनिलिन असतं तो साबणाला तपकिरी करतो, रंग कितीही चांगला असो. संत्र्याच्या सालीचं तेल स्वतः पिवळं असतं. केशरी वडीत उत्तम, गुलाबीत नको.

राणीरंग | १६ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

रंग आले, दाखल्यासह. क्रमांक यादीत पडताळले. नियमावलीताई, त्यासाठी विशेष आभार. नंतर चाचणी केली, ती सविस्तर लिहिते.

५०० ग्रॅम तेलाचा एकच घोळ केला. नारळ, पाम, एरंडेल आणि अगदी थोडं राइस ब्रान. घोळ पातळ असतानाच दहा कागदी कपांत वाटला. प्रत्येक कपात साधारण ५० ग्रॅम तेलाचा वाटा आणि ०.२ ग्रॅम रंग, सोनारी वजनकाट्यावर मोजलेला. रंग आधी एरंडेलात घोटून घेतला, गुठळी राहिली की वडीवर ठिपके पडतात. सगळे कप एका खोक्यात घालून गोधडीत ठेवले. दोन दिवसांनी काढले, प्रत्येक वडीचे दोन तुकडे केले. एकाचा अर्धा भाग फॉइलमध्ये गुंडाळून गच्चीवर उन्हात ठेवला आठ दिवस. दुसरा कपाटात.

गुलाबी ७३३६०: घोळात जसा होता तसाच आजही. उन्हातल्या आणि झाकलेल्या भागात मला फरक दिसला नाही, मुलीला किंचित दिसला. फेस पांढरा.

थॅलो हिरवा: ०.२ ग्रॅम फारच झाला, बाटलीसारखा गडद आणि फेस हिरवट. दुसऱ्या कपात ०.०५ ग्रॅम आणि पिवळा मायका घातला होता, तो पोपटी आला. कोवळ्या पानासारखा. फेस पांढरा.

शेंद्री: केशरी, थेट संत्र्याच्या सालीचा. उन्हात थोडा उतरला, पण उतरूनही केशरीच.

एका कपात फॉर्मल्डिहाइडविरहित निऑन केशरी घातला होता, दाखला असलेला. कपातून काढला तेव्हा आम्ही सगळे बघतच राहिलो. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली निखाऱ्यासारखा दिसतो. टिपकागदावर वलय नाही. पण उन्हातला अर्धा भाग आठ दिवसांत स्पष्ट फिका पडला. फॉइल काढल्यावर सरळ रेष दिसते. त्याच निऑनमध्ये टिटॅनियम घातलेला कपही होता. काका, तुम्ही म्हणालात तेच झालं. टॉर्चखाली तो बराच मंद आहे.

फार विचार केला. एकदा तरी तो निखारा ताटात ठेवावा असं खूप वाटलं. पण यादीत त्याचा क्रमांक सापडला नाही, आणि वाण घेऊन जाणाऱ्या घरात तान्ही बाळंही असतील. तेव्हा गुलाबी ७३३६०, पोपटी मिश्रण आणि शेंद्रीचा केशरी, हे तीन पक्के.

टोळंबी | १६ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१०

बरं झालं ताई. शेंद्री आमच्या आंगणातबी हाय. पुढच्या खेपेले बिया माह्याकडून घेऊन जा.

रंगमिस्त्री | १६ नोव्हेंबर, रात्री ८:००

अर्धा झाकून उन्हात ठेवण्याची चाचणी आमच्या कारखान्यातही अशीच व्हायची. तुम्ही ती न सांगता केलीत, फार आनंद झाला. सौ.ना वाचून दाखवलं, त्या उद्या दहा कप आणताहेत.

राणीरंग | २३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

तिन्ही साचे ओतले, गोधडीत आहेत. उघडून बघायचा मोह आवरते आहे.

राणीरंग | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

कापले. गुलाबी आणि केशरीत वर्तुळ नाही, आरपार एकसारखा रंग. हिरव्याच्या एका टोकाला तीन वड्या दुधाळ आहेत, रात्री तिथली गोधडी सरकली होती. त्या तीन घरी वापरू. बाकीच्या जाळीवर वाळत ठेवल्या आहेत, खिडकीपासून लांब.